डावीकडून केलेली खूण

आमच्या घरात दोन नियम होते आणि दोन्ही वडिलांनी घातलेले. भांडण चालू असताना कुणी दिवा बंद करायचा नाही. भांडण चालू असताना कुणी डोळे मिटायचे नाहीत.

नियम माझ्या धाकट्या भावासाठी आणि माझ्यासाठी होते. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. मी त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. तो दोन वर्षांचा असल्यापासून आम्ही हातांनी बोलतो. पुढे शाळेत तो खुणांची भाषा शिकला, ती त्याने घरी आणली. घरच्या जुन्या खुणांत मिसळून तिचं जे झालं ते नीट येणारी माणसं जगात दोन आहेत. आईला निम्मं येतं. वडिलांना बरंच येत होतं, पण ते येत नसल्यासारखं दाखवायचे. त्यामुळे आम्ही त्यांच्यासमोर मोकळेपणी भांडायचो आणि त्यांना सगळं कळायचं.

हातांच्या भाषेत भांडण जिंकायची सोपी युक्ती म्हणजे डोळे मिटून घेणं. समोरच्याचं बोलणं तिथेच संपतं. तो पाच वर्षांचा असताना हे त्याच्या लक्षात आलं. मी बोटांनी त्याच्या पापण्या उघडायचे. मला राग आला की मी ट्यूबलाइटचं बटण बंद करायचे, मग अंधारात तो मुका व्हायचा. एकदा अशा अंधारात तो माझ्या मनगटाला कडकडून चावला. त्यानंतर नियम आले.

हे आधी सांगावं लागतं, नाहीतर पुढचं सगळं नुसता मूर्खपणा वाटेल. मूर्खपणा होताच, पण तो आमच्याच घरात होऊ शकत होता.

आम्ही दिंडोशीच्या वसाहतीत चौथ्या मजल्यावर राहतो. वडील मालवणकडचे. तरुणपणी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका कारखान्याच्या गेटवर राहिले. दोन वर्षांपूर्वी ते गेले. मी एका वृत्तपत्राच्या डेस्कवर काम करते. भाऊ अठ्ठावीस वर्षांचा आहे आणि स्कूटरवरून लोकांच्या घरी जेवण पोचवायचा. ऑर्डर देणाऱ्याच्या फोनवर सूचना यायची की येणाऱ्या माणसाला ऐकू येत नाही, फोन करू नये, मेसेज करावा. लोक तरी फोन करायचे.

लायसन्स मिळवायला आम्हाला पाच खेपा घालाव्या लागल्या. कायद्याने मिळत होतं, पण खिडकीपलीकडच्या माणसाला ते मान्य नव्हतं. त्याने मला विचारलं, "मॅडम, ह्याला मागून हॉर्न कसा ऐकू येणार?" मी म्हणाले, "कानात गाणी लावून चालवणाऱ्यांना विचारा ना, त्यांना कसा येतो." भावाने लगेच विचारलं, काय बोललीस? मी सांगितलं. तो तिथेच इतका हसला की खिडकीपलीकडचा माणूस चिडला आणि पाचवी खेप त्यामुळे झाली. ते लायसन्स जितकं त्याचं होतं, तितकंच मी ते माझं समजत होते.

हातांनी झालेलं बोलणं मी इथे साध्या मराठीत लिहिते आहे. प्रत्यक्षात ते याहून आखूड होतं, आणि बऱ्याचदा याहून असभ्य.

वडील गेल्यानंतर काही महिन्यांत तो बदलला असं आम्हाला वाटू लागलं. पूर्वी मी खोलीत कुठूनही हात हलवला की तो वळायचा. मासे तळत असला तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून माझं वाक्य पकडायचा आणि चिमटा हातात ठेवूनच उत्तर द्यायचा. आता मी बाजूला उभी राहून बोलत असले तरी तो समोर बघत राहायचा. जेवताना आई त्याच्या डावीकडे ताट पुढे करायची आणि तो घ्यायचा नाही.

"ह्येका आयकाक येना नाय, म्हणून आता बघुचा पण नाय काय?" आई म्हणायची. आई माझ्याशी मालवणीत बोलते, रागात तर हमखास.

"माज आलाय त्याला," मी म्हणायचे.

आम्ही दोघी एकाच निष्कर्षाला आलो होतो. वडील नाहीत, आता घरातला पुरुष हाच, म्हणून हा आमच्याकडे बघत नाही. न बघणं म्हणजे काय, हे त्या घरात वाढलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नव्हतं. दुसऱ्या एखाद्या घरात कुणीतरी म्हटलं असतं की मुलाचे डोळे तपासा. आमच्याकडे तो अपमान ठरला.

मी ठरवलं की यापुढे जे सांगायचं ते एकदाच सांगायचं, जिथे असेन तिथून. खांद्याला हात लावायचा नाही, पुढ्यात जायचं नाही. बघायचं असेल तर बघेल. असं मी सात-आठ महिने केलं.

वडिलांच्या वर्षश्राद्धाची तिथी मंगळवारी होती. भटजींना त्या दिवशी जमेना, म्हणून ते दोन दिवस आधी, रविवारी करायचं ठरलं. हे त्याला सांगायचं काम माझ्याकडे होतं. शुक्रवारी सकाळी तो ओट्याजवळ चहा गाळत होता. मी त्याच्या डाव्या हाताला उभी राहून सांगितलं, रविवारी, सकाळी नऊ, सुट्टी घे. त्याने मान वर केली नाही. मी ते उत्तर समजले आणि बाहेर आले.

रविवारी आठ वाजता आम्ही उठून बघतो तर तो कामावर गेलेला. नऊला भटजी आले. "मुलगा कुठाय?" त्यांनी विचारलं. आई माझ्याकडे बघत राहिली. मेसेज पाठवले, ऑर्डरींच्या गर्दीत ते त्याने दुपारी वाचले. साडेअकराला माझ्या चुलतभावाला बसवून विधी उरकला. भाऊ चारला आला, पाठीवर जेवणाची ती चौकोनी पिशवी तशीच.

मला कुणी सांगितलं नाही, तो म्हणाला.

मी सांगितलं. तू डोळे मिटलेस.

त्या घरात याहून वाईट आरोप नव्हता. तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग पिशवी उतरवून तो आत गेला. आम्ही दोघंही खरं बोलत होतो, हे कळायला मला आणखी सात आठवडे लागले.

कळलं ते एका शिवीमुळे. आमच्यात गाढव ही खूण आहे, डोक्याला अंगठा लावून पंजा दोनदा हलवायचा. लहानपणापासून ही खूण जो करील त्याला दुसऱ्याने तीच खूण दुप्पट जोराने परत करायची, मग हातात काहीही असो. परीक्षेच्या हॉलबाहेर, वडिलांच्या अंत्ययात्रेला निघताना, कुठेही. या शिवीला त्याने उत्तर दिलं नाही असं एकदाही झालं नव्हतं.

त्या दुपारी तो हॉलमध्ये खिडकीकडे तोंड करून मोबाइल बघत बसला होता. उजेड भरपूर होता. त्याच्याशी माझं बोलणं जवळजवळ बंदच होतं, पण कुठल्याशा जुन्या रागाने मी त्याच्या डाव्या खांद्याशी उभी राहून ती खूण केली. तो हलला नाही. मी पुन्हा केली. चेहऱ्यावर काहीच नाही. रोखून धरलेलं हसू मला ओळखता येतं, ते नव्हतं.

मी हात तसाच हलवत हळूहळू पुढे नेला. कानापाशी काही नाही. गालाच्या हाडापाशी काही नाही. माझी बोटं त्याच्या नाकासमोर यायला थोडंच अंतर उरलं तेव्हा तो दचकला, मागे सरला आणि मला बघून त्याने गाढवाची खूण दुप्पट जोराने परत केली. हसला. वेणी, किती महिन्यांनी, तो म्हणाला. वेणी हे त्याने मला ठेवलेलं नाव. वेणी मी पंधरा वर्षांपूर्वी कापली.

मी उजव्या बाजूने करून पाहिलं. तिथेही तेच.

काय करतेयस? त्याने विचारलं.

तुला माझा हात कधी दिसला?

आत्ता.

आधी?

आधी कुठे होता?

डोळ्यांचे डॉक्टर बोरिवलीला सापडले. एक चष्मा नाकावर आणि एक कपाळावर. भावाने बसायच्या आत त्यांचं नाव पाडलं, दोन चष्मे. नजरेचा घेरा मोजायचं यंत्र अंधाऱ्या खोलीत असतं. आत ठिणग्या चमकतात, दिसली की बटण दाबायचं. "ताई, ह्याला सांगा सरळ बघायला," यंत्रावरची मुलगी दर मिनिटाला म्हणत होती. अंधारात मी सांगणार कसं? शेवटी ठरलं, पाठीवर एक थाप म्हणजे सरळ बघ. मी मागे उभी होते. ठिणग्या मला पडद्याच्या कडेने दिसत होत्या. बटणाचा आवाज येत नव्हता तेवढा वेळ मी मनात मोजत होते, आणि काही वेळाने मोजायचं सोडलं.

डॉक्टरांकडे गेलं की मी त्यांच्या खांद्यामागे उभी राहते, म्हणजे त्याला त्यांचे ओठ आणि माझे हात एकदम दिसतात. ही जागा मी बारा वर्षांची असताना कानांच्या डॉक्टरांकडे शोधून काढली होती.

डॉक्टर मला म्हणाले, "हे बघा, आतला पडदा खराब होत चाललाय. जन्मापासून ऐकू येत नाही अशा काही मुलांत हे येतं, दोन्हीचं मूळ एकच. बाजूची नजर आधी जाते, मधली टिकते. किती वर्षं टिकेल हे मी सांगणार नाही, कारण मला माहीत नाही. औषध नाही. गाडी आजपासून बंद. सायकलसुद्धा नको. आणि हा हातांच्या खुणा बघून बोलतो ना? मग हातात हात धरून बोलायची पद्धत असते, ती दोघांनी शिकून घ्या. दिसतंय तोवर शिका."

मी हातांनी सांगितलं, डोळ्याच्या आतला पडदा आजारी आहे. बाजूचं कमी दिसतं. औषध नाही. अंधारात जपून. सहा महिन्यांनी परत यायचं.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. डेस्कवर मी रोज हेच करते. नीट कापलेल्या बातमीत चूक सापडत नाही, कारण उरलेलं सगळं खरं असतं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, दोन चष्म्यांचे ओठ खूप हलले. तू थोडंच सांगितलंस.

डॉक्टरी शब्द होते.

बरं, तो म्हणाला आणि स्कूटरची किल्ली बोटात फिरवत जिना उतरला. मी मागे बसून घरी आले.

गाडीचं मी घरी सांगणार होते. घरी आई होती. आईला मी म्हणाले, नजर थोडी कमी झालीय. "खरा काय ता सांग गो," आई म्हणाली. सांगितलं ना, मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो मी उठायच्या आत गेला. तिसऱ्या दिवशी तो आनंदात होता, कुणा गिऱ्हाइकाने कागदावर धन्यवाद लिहून दिले होते. त्यानंतरची कारणं मला आता आठवत नाहीत.

आठवतं ते वेगळं. मी त्याच्या वस्तूंकडे बघायला लागले. स्कूटरचा डावा आरसा तडकलेला होता. पार्किंगमध्ये कुणीतरी ठोकला असेल, तो म्हणाला. सोसायटीच्या गेटच्या डाव्या खांबावर निळा ओरखडा होता. मी खाली जाऊन पाहिलं, तो हँडलच्या उंचीवर होता आणि स्कूटर निळी होती. संध्याकाळची पाळी त्याने चार महिन्यांपूर्वीच सोडली होती, झोप होत नाही म्हणून. मी ते कारण तेव्हा खरं धरलं होतं. पाच वाजले की मी गॅलरीत उभी राहायचे. ड्यूटीवर असले की ऑफिसमधून आईला फोन करून विचारायचे, आला का. कुठून तरी रुग्णवाहिकेचा आवाज आला की आई दाराकडे बघायची. तिला मी काहीही सांगितलेलं नव्हतं.

असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी त्याला सुट्टी होती आणि मला उशीर झाला होता. चल, अंधेरीपर्यंत सोडतो, तो म्हणाला. मी बसले. का बसले, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. मला बघायचं होतं, एवढंच म्हणता येईल.

मागे बसले की मी त्याचे कान असते. मागून हॉर्न आला की ज्या बाजूला सरायचं त्या खांद्यावर थाप. दुपारचे तीन वाजले होते, लख्ख ऊन. हायवेच्या कडेच्या रस्त्याला डावीकडे टेम्पो उभे होते. दोन टेम्पोंच्या मधून एक बाई पुढे आली, हाताला शाळेच्या गणवेशातली मुलगी. त्या आमच्यापासून चांगल्या वीस पावलांवर होत्या. मला दिसल्या. मी वाट पाहिली की तो वेग कमी करील. त्याने केला नाही. मी डाव्या खांद्यावर थाप मारली. त्याला ती हॉर्नची वाटली आणि तो मागून येणाऱ्याला जागा द्यायला आणखी डावीकडे सरकला, त्या दोघींच्या अंगावर. मग मी त्याची मान धरून डावीकडे वळवली.

त्याने दोन्ही ब्रेक दाबले. स्कूटर तिरकी होऊन थांबली. बाईने मुलीला दंडाला धरून मागे ओढलं होतं. मुलीची पाण्याची बाटली चाकाखाली आली होती.

"दिसत नाही का रे?" बाई ओरडली. "आंधळा आहेस काय?"

त्याने हेल्मेटची काच वर केली आणि नेहमीसारखं कानाला बोट लावून नाही म्हटलं.

"बहिरा पण? मग गाडी कशाला चालवतोस? आणि मागे बसलीयेस ती तू कोण गं? तुझे डोळे कुठे होते?"

तो माझ्याकडे वळला. काय म्हणतेय?

लोकांच्या शिव्या मी त्याला कधीच कापून सांगितल्या नव्हत्या. लहानपणी एकदा मी सौम्य करून सांगितलं होतं, तर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नव्हता. लोक काय म्हणतात ते शब्दाला शब्द कळलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. मी खाली उतरून त्याच्या अगदी समोर उभी राहिले आणि सांगितलं. आंधळा ही खूण करताना पापण्या मिटून त्यांच्यावर तळहात धरावा लागतो. मी तो धरला.

मी डोळे उघडले तेव्हा तो हसत होता. मग त्याने माझा चेहरा पाहिला.

दोन चष्मे हेच म्हणाले?

हो.

केव्हा?

त्याच दिवशी.

त्याने बोटांवर दिवस मोजले. एक हात संपला, दुसरा संपला, वर एक बोट उरलं. ते बोट त्याने मला दाखवलं नाही, स्वतःच बघितलं. मग वाकून चाकाखालची बाटली काढली, दाबून सरळ करता येते का बघितली, रुमालाने पुसली आणि मुलीला दिली.

तिथून दिंडोशीपर्यंत तो स्कूटर ढकलत आला. मी ऑफिसला कळवलं आणि त्याच्या डावीकडून चालत राहिले. दोन्ही हात हँडलवर असताना त्याला बोलता येत नाही, आणि मी जिथे होते तिथे मी त्याला दिसत नव्हते. गेटपाशी त्याने त्या ओरखड्यावरून अंगठा फिरवला.

घरी आल्यावर तो म्हणाला, श्राद्धाचं तू कुठून सांगितलं होतंस?

ओट्याजवळून. तुझ्या डाव्या बाजूने.

त्याने मान हलवली. त्याचा राग नाही, तो म्हणाला. पण दोन चष्म्यांच्या वेळी मी तुझ्यासमोर बसलो होतो. मी बघत होतो. डोळे तू मिटलेस.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. निम्मंच येतं तिला, पण ही खूण तिला येत होती. त्याच्या हातातून किल्ली घेऊन तिने ती ट्यूबलाइटच्या बटणाशेजारच्या खिळ्याला अडकवली.

सकाळी त्याने मला उठवलं. परत जायचं, तो म्हणाला. सगळं सांगायचं. शिव्या सांगतेस तसं.

या वेळी आम्ही रिक्षाने गेलो. डॉक्टरांनी त्याला ओळखलं, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि मला हलक्या आवाजात विचारलं, "किती माहीत आहे त्याला?"

मी ते सांगितलं. डॉक्टर विचारताहेत, किती माहीत आहे त्याला.

"नाही, हे मी तुम्हाला विचारतोय," डॉक्टर म्हणाले.

मी तेही सांगितलं. हे ते मला विचारताहेत, तुला नाही.

भाऊ हसला. डॉक्टर माझ्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांनी खुर्ची फिरवली आणि माझ्याऐवजी त्याच्याकडे बघून बोलायला सुरुवात केली.

तो मध्येच म्हणाला, थांब. हात आत घे.

माझे हात खांद्याच्या रुंदीएवढे पसरले होते. आयुष्यभर मी तसंच बोलत आले आहे. मी कोपरं बरगड्यांना लावली. आणखी, तो म्हणाला. मी पंजे जवळ आणले, कुडत्याच्या बटणांच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरली.

आता दिसतंय?

आत्ता दिसतंय, तो म्हणाला. बोल.

डॉक्टरांनी पहिल्यापासून सांगायला घेतलं.